पावसाची शाल: १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ ओळी

१२ मे

ठरलं एकदाचं. यंदा पावसाळ्याची शाल करायची. रोज क्रोशाची एक ओळ, आणि त्या दिवशी किती पाऊस पडला त्यावरून धागा ठरणार. जून ते सप्टेंबर म्हणजे ३० + ३१ + ३१ + ३०, एकशे बावीस ओळी.

परदेशात लोक तापमानाची ब्लँकेटं करतात, वर्षभर रोजच्या तापमानाचा रंग घेऊन. आयडिया भारी आहे पण कोल्हापुरात तापमान घेऊन बसलं तर एप्रिल-मे सगळा लाल आणि मग आठ महिने एकच पिवळट पट्टा, कोण बघणार ते. आमच्याकडं रोज नवीन काय असतं तर पाऊस.

नेहमी काय होतं, दुकानात जायचं, दहा शेड दिसतात, हा फिकट निळा तो गडद निळा, सगळं घेऊन यायचं आणि मग घरी बसून ठरवायचं आता याचं करायचं काय. माझ्याकडं तसल्या गुंड्यांनी भरलेल्या दोन पिशव्या आहेत. यावेळी उलटं करतेय. आधी काय दाखवायचंय ते, मग धागा. आणि भुरभुर पाऊस अन् मुसळधार पाऊस अंगाला लागतात तेच मुळात वेगळे, मग दोन्हीला एकच अ‍ॅक्रिलिक आणि नुसता रंग बदलायचा हे काय मला पटेना. धाग्याची जातच बदलायची.

१४ मे

हवामान खात्याचे टप्पेच घेतले, आपण कशाला नवीन काढायचे. २.४ मिमीपर्यंत अगदीच हलका, २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, त्याच्या वर अतिमुसळधार. मोजायची वेळ पण त्यांचीच, सकाळी साडेआठ ते साडेआठ.

मोजणार कशात? गच्चीवर तुपाचा रिकामा डबा, सरळ भिंतीचा, तोंड १६ सेंमी. पण त्यात पट्टी बुडवून २.४ आणि २.५ मधला फरक कसा कळायचा. चिरंजीव नववीत आहेत, त्यांनी डोकं चालवलं. ४ सेंमी व्यासाची एक सरळ प्लास्टिकची बरणी घेतली. रुंदी चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट, म्हणजे डब्यातलं १ मिमी पाणी बरणीत ओतलं की १६ मिमी उभं राहतं. पट्टीवर आरामात वाचता येतं. गणिताचा पहिल्यांदाच घरात उपयोग झाला असं मी म्हटलं तर तोंड वाकडं करून गेला.

१८ मे

इचलकरंजीला जाऊन आले. एसटीने. ओळखीतल्या एकांच्या यंत्रमागाच्या शेडवर उरलेले कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, किलोवर मिळाले. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि आता गल्लीत शिरलं की खडखडाटात शेजारच्याशी बोलायला पण हातवारे करावे लागतात.

घेतलं ते २/२० चं कोरं सूत, म्हणजे वीस काउंटचे (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) दोन पदर एकत्र पीळ दिलेले. आणि त्याच जाडीचा निळा मर्सराइज्ड एक कोन. मर्सराइज्ड म्हणजे सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढतात, त्यानं तंतू फुगून गोल होतात म्हणून चमक येते. कोऱ्याशेजारी धरलं की लगेच कळतं, एक कोरडा एक ओला असल्यासारखा दिसतो. हेच पाहिजे होतं मला!!

पण मागाचं सूत क्रोशाला फारच बारीक. काउंटचा हिशोब असा की १ काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्ड. २/२० म्हणजे झालं दहा काउंट, ग्रॅमला साधारण १७ मीटर. मला शालीला ग्रॅमला अडीच मीटरच्या आसपास हवं. सतरा भागिले अडीच, सात पदर. म्हणजे सात पदर एकत्र धरून विणायचं.

आणि एसटीत खिडकीत बसल्या बसल्या सुचलं की पदरच सात आहेत तर मग सगळे एकाच रंगाचे कशाला? पाऊस नाही त्या दिवशी सातही कोरे. भुरभुर असेल तर सहा कोरे एक निळा. हलका पाऊस, चार कोरे तीन निळे. शेड विकत घ्यायचीच गरज नाही. उतरायचं विसरणार होते.

१९ मे

कोरं सूत पाण्यावर तरंगलं. खरंच. पातेल्यात टाकलं तर वरच बसलं, कापसाचं मेण असतं ना त्यावर. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं तेव्हा कुठं पाणी प्यायला लागलं, पाणी चहासारखं झालं. आटायचं ते आत्ताच आटेल म्हणून पण हे करायचंच होतं, नंतर शाल धुतल्यावर आटली तर १२२ दिवस गेले की.

चूक केली ती लडी बांधण्यात. खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळली आणि दोनच ठिकाणी बांधली, ती पण साधी गाठ. चार ठिकाणी आणि इंग्रजी आठसारखा दोरा आतबाहेर घालून सैल बांधायचं असतं, माहिती होतं, कंटाळा केला. उकळताना सगळं एकमेकात गेलं. संध्याकाळचे साडेतीन तास सोडवण्यात. त्यातला एक तास सासूबाईंचा, त्या काही बोलल्या नाहीत पण बघितलं माझ्याकडं.

२० मे

निळ्याचा रंग जातोय. पांढऱ्या फडक्यात ओला धागा दाबून बघितला तर फडकं निळं. यूट्यूबवाले म्हणतात व्हिनेगर घाला. लोकरीच्या रंगाला आंबटपणा लागतो ते ठीक, सुताच्या रंगाला व्हिनेगरनं काही होत नाही, एकदा एक आख्खी पिशवी घालवून शिकलेय. गरम पाण्यात चार वेळा काढला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. थोडा फिकट झाला. उलट आता जास्त बरा दिसतोय.

२३ मे

मध्यम पावसासाठी खरी लोकर पाहिजे. संततधार लागली की कसं जड, ऊबदार, थोडं कुबट वाटतं, ते सुतात येत नाही.

घरातले स्वेटर काढले. बाजारातल्या रेडीमेड स्वेटरचं आधी शिवण बघायचं. ओव्हरलॉक मारलेलं असेल तर सोडून द्या, तिथं प्रत्येक ओळ कापलेली असते, उसवलं तर हातात वीतभर लांबीचे तुकडे येतात. साखळीसारखी शिवण असेल तर एक टोक ओढलं की सरसर निघते आणि भाग वेगळे होतात.

तीन स्वेटरातले दोन ओव्हरलॉकचे. तिसरा सासऱ्यांचा, राखाडी, सासूबाईंनी हाताने विणलेला, ट्रंकेत तळाशी. बाहीला दोन भोकं, कसर लागलेली. मी विचारायलाच घाबरत होते. तर त्या म्हणाल्या, "कसर लागलीय म्हणजे लोकर खरी आहे गं, अ‍ॅक्रिलिकला कीड तोंड लावत नाही. आण इकडं, मीच विणलाय, मीच उसवते."

तरी जाळून बघितलं, बेसिनमध्ये, चिमट्यात इंचभर धागा धरून. केस जळल्याचा वास, ज्योत काढली की विझला, राख बोटात चुरली. शेजारी माझ्या पिशवीतल्या "वूल" लिहिलेल्या गुंडीचा तुकडा पेटवला तर वितळून काळा कडक मणी झाला. घ्या.

२४ मे

हिशोब केला. एका ओळीला चार मीटर धागा, मध्यम पावसाचे दिवस समजा वीस, तर ऐंशी मीटर. एका बाहीत भागतंय! पण जास्त पाऊस झाला तर? सासूबाईंचं मत, दुसरी पण काढ, हाफ स्वेटर होईल, तो जास्त वापरला जाईल. बाह्या वेगळ्या विणून जोडलेल्या होत्या त्यामुळे सुटल्या पटकन. सुयांवरचं विणकाम जिथं बंद केलेलं असतं तिथून उसवायचं, म्हणजे बाहीला खांद्याकडून. मनगटाकडून ओढायला गेलं की प्रत्येक टाक्याला अडतं. त्यांना तीस वर्षांनंतर आठवत होतं की शेवटचं टोक कुठं लपवलंय.

उसवलेला धागा मॅगीसारखा. लडी करून (यावेळी चार ठिकाणी बांधून) कोमट पाण्यात अर्धा तास, मग बाथरूमच्या नळाला अडकवली. कसरीनं तुटलेली टोकं जोडायला गाठ नाही मारली, दोन्ही टोकं विस्कटून, एकावर एक ठेवून, तळहात ओले करून जोरात चोळायचं, लोकर एकमेकीत अडकून बसते. सुताला किंवा अ‍ॅक्रिलिकला जन्मात नाही होणार हे.

३० मे

नमुना विणला. सगळे प्रकार आलटून पालटून दहा ओळी, ५ नंबरची सुई, साधे खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके. धुतला. गरम पाण्यात धुतला आणि पिळला, मूर्खपणा. लोकरीच्या ओळी आकसल्या आणि सुताच्या होत्या तिथंच, कडा समुद्राच्या लाटेसारख्या झाल्या. १५ सेंमी रुंदीला लोकर १४ वर आली.

दुसरा नमुना गार पाण्यात, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून. हा सरळ राहिला. म्हणजे वेगवेगळे धागे एकत्र चालतात, फक्त धुवायचं त्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्याच्या मर्जीनं.

जाडी जुळते का हे बघायला पट्टीवर एक इंचात धाग्याचे वेढे घालायचे, न दाबता शेजारी शेजारी. सात पदरी सुताचे १२, राखाडी लोकरीचे ११. चालतंय की.

अ‍ॅक्रिलिक बाद. पिशवीतलं वापरायचा मोह होता पण नमुन्यावर इस्त्रीची वाफ लागली तर ते ढिलं पडून लोंबायला लागलं, परत कधीच वर येत नाही ते. त्या दोन पिशव्यांचं काय करायचं हा प्रश्न आहे तसाच.

१ जून

पहिली ओळ. ऊन. सातही पदर कोरे. ६८ खांब, रुंदी ४५ सेंमी.

टोकांचं असं ठरवलंय की रोज उजवीकडूनच सुरू करायचं, दोन्ही बाजूला १२-१२ सेंमी धागा सोडायचा आणि कापायचा. लपवायचंच नाही, तीच झालर. नाहीतर शेवटी २४४ टोकं सुईनं आत घालत बसावं लागलं असतं, मी त्या दिवशी संन्यास घेतला असता. झालरीत २९ मीटर धागा जाणार, जाऊ दे.

२ जून, ३ जून, ४ जून

कोरं. कोरं. कोरं. नवरा म्हणतो ही पावसाची शाल आहे का पंचा.

८ जून

वळीव! चार वाजता आला, गाराबिरा घेऊन, पाऊण तासात गेला. सकाळी बरणीत १८ सेंमीच्या वर, म्हणजे साडेअकरा मिमी. चार कोरे तीन निळे. काय दिसतंय ते, कोऱ्यात निळा मधेच वर येतो मधेच गडप होतो, सात पदर एकत्र पीळ न देता धरलेत ना त्यामुळे कुठला पदर वर येईल ते आपल्या हातात नाही. विकतच्या शेडेड लोकरीत तो निळा ठरावीक अंतरानं येतो आणि मग पट्टे नाहीतर डबकी होतात. इथं तसं होत नाहीय.

एक त्रास आहेच. सात गुंड्या सात दिशांना पळतात. बाटल्या, ग्लास, सगळं करून बघितलं. शेवटी इडलीचा स्टँड! प्रत्येक वाटीत एक गुंडी. रविवारी इडली म्हटली की सगळं काढावं लागतं एवढंच.

२१ जून

आता रोजचं. भुरभुर, भुरभुर, हलका, भुरभुर. सहा-एकची ओळ लांबून कोरीच वाटते, उजेडात तिरकी धरली की निळी रेघ चमकते. तसाच असतो तो पाऊस, छत्री उघडावी का नको.

७ जुलै

७१ मिमी. डबा सरळ पट्टीनंच मोजला. मुसळधार. आणि माझ्याकडं मुसळधारचा धागाच नाहीय.

पहिल्या दिवसापासून डोक्यात आहे की मुसळधारला घोंगड्याची काळी लोकर, दुसरं काही नाही. शेतात पावसात बाई-माणूस भांगलत असतात डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन, तोच धागा पाहिजे. पण जूनमध्ये मुसळधार पडलाच नाही म्हणून मी आणायला गेले नाही. ओळ थांबवली. वहीत रोजचे आकडे लिहून ठेवतेय.

१३ जुलै

हातकणंगले तालुक्यात एका घोंगडी विणणाऱ्या मामांकडं जाऊन आले. पट्टणकोडोलीच्या बाजूला. तिथली विठ्ठल-बिरदेवाची यात्रा ऑक्टोबरात असते, भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं आणि लोकर पण उधळतात, लहानपणी बघितलीय, घरी येऊन तीन दिवस पिवळी होते मी.

मामा खड्ड्यातल्या मागावर बसलेले. दख्खनी मेंढीची लोकर, वर्षातून दोनदा कातरतात, धनगर बायका चरख्यावर कातून देतात, आणि विणायचं काम सणगर समाजाचं. रंग नाहीच, मेंढी काळी तर घोंगडं काळं. मी सूत मागितल्यावर त्यांनी विचारलं कशाला, मी सांगितलं पावसाची शाल, ते हसले नाहीत. म्हणाले, "ताण्याचं नको नेऊस ताई, त्याला खळ असती चिंचोक्याची, ताठ. सुईत वळायचं न्हाई. बाण्याचं ने." ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. मला सुचलं नसतं हे. ताण्याचं नेलं असतं तर दोरखंड विणल्यासारखं झालं असतं.

पाव किलो घेतलं. एसटीत शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली, वास.

१४ जुलै

७ जुलैची ओळ विणली. वेढे मोजले तर इंचात ८. जाडजूड आणि सगळीकडं सारखी नाही, हातानं कातलेली, मधेच बारीक मधेच गाठीसारखी. ६८ खांब घातले तर ओळ फुगून पोट आलं. उसवली. लोकर एवढी केसाळ की उसवताना खालच्या ओळीला चिकटून बसते, कात्रीनं सोडवावी लागली. दुसऱ्यांदा, दर आठव्या ठिकाणी एक टाका सोडला, ६० खांब, आणि पुढच्या ओळीत परत ८ वाढवले. बसली सपाट.

दिसतीय कशी! बाकी सगळी शाल गुळगुळीत आणि मधे हा एक काळा, केस उभे राहिलेला पट्टा. हात फिरवला की डोळे मिटून पण कळतं जोराचा पाऊस कुठं होता. मुलाला डोळे मिटायला लावून खेळवलं. ७ जुलै बरोबर सापडला त्याला.

मागच्या राहिलेल्या ओळी पण आजच पूर्ण केल्या, मान गेली.

२५ जुलै

७९ मिमी. काळी.

२६ जुलै

८८. काळी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. आता सगळ्यांचे डोळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडं, ३९ फूट इशारा, ४३ धोका. घरात कुणी काही बोलत नाही पण दर तासाला कुणीतरी मोबाईल बघतंय. २०१९ च्या महापुरात आम्ही वरच्या मजल्यावर सामान नेलं होतं त्यात या लोकरीच्या पिशव्या पण नेल्या होत्या म्हणून अजून मला ऐकवतात.

२७ जुलै

६६. थोडक्यात मुसळधार. काळी. सलग तीन ओळी काळ्या, तिथं शाल जड झालीय, लोंबते.

ओली लोकर सुकत नाहीय म्हणून सगळं घर मेंढीच्या कळपासारखं वासतंय. सासूबाईंनी धूप घातला.

३१ जुलै

पाणी उतरतंय. ४० च्या वर जाऊन आलं, आमच्या गल्लीपर्यंत नाही आलं.

आज ६१ वी ओळ, बरोब्बर अर्धी. म्हणून उत्साहात गळ्यात घालून बघितली आणि तेव्हा लक्षात आलं मी काय करून ठेवलंय. पावसाळ्याचा मध्य म्हणजे जुलैचा शेवट. जुलैचा शेवट म्हणजे सगळ्यात जास्त पाऊस. सगळ्यात जास्त पाऊस म्हणजे घोंगड्याची लोकर. आणि शालीचा मध्य येतो मानेवर!!! जगातला सगळ्यात टोचरा धागा मी मोजून मापून स्वतःच्या मानेवर आणलाय.

नमुने धुतले, जाळले, वेढे मोजले, हिशोब केले, आणि कुठली ओळ अंगावर कुठं बसणार हा विचारच नाही केला. आता ओळी हलवता थोड्याच येतात. तारखा आहेत त्या.

३ ऑगस्ट

पर्याय: (एक) शाल न म्हणता मांडीवर घ्यायचं पांघरूण म्हणायचं. (दोन) एका बाजूला ओढून घालायची. (तीन) सहन. तिसरा दोन तास करून बघितला, मानेवर लाल चट्टे. दख्खनी लोकर मुळातच जाडीभरडी, कंडिशनरमध्ये भिजवलं तरी फार फरक नाही पडत, नमुन्यावर करून बघितलं.

सध्या विणत राहते.

१६ ऑगस्ट

सकाळी गच्चीवर गेले तर डबा आडवा. वाऱ्यानं. रात्रभर पाऊस ऐकू येत होता पण आकडा नाही. अंदाजे लिहू? मन होईना. खात्याचा आकडा बघून घालता आला असता पण मग माझ्या गच्चीचा पाऊस कुठं राहिला. शेवटी त्या दिवसाची ओळ जाळीची केली. एक खांब, दोन साखळ्या, दोन सोडून परत खांब. धागा कोराच. आरपार दिसतं. आणि डब्याशेजारी चार विटा.

२९ ऑगस्ट

आज विटा जागेवर, डबा जागेवर, आणि डबा कोरडाठाक! रात्री दणकून पडलाय. शेजारच्या काकू गच्चीवर कपडे बघायला आल्या होत्या, त्यांना विचारलं. "अगं मीच ओतलो की पाणी. डास होतात, डेंग्यू चाललाय गावभर. फुकट न्हाई घालवलो, तुळशीला घातलो."

जाळी नंबर दोन.

८ सप्टेंबर

गणपतीत विणायला वेळ नाही, आकडे लिहिले फक्त. तोरणाला मात्र उरलेलं निळं-कोरं वापरलं, सात पदरांच्या छोट्या शेंड्या करून. आरतीला आलेल्या तिघींनी विचारलं कुठून आणलं.

२२ सप्टेंबर

परत ऊन, परत कोऱ्या ओळी. सुरुवातीला कंटाळवाण्या वाटलेल्या, आता डोळ्याला बऱ्या वाटतायत, मधल्या सगळ्या काळ्या-राखाडी गर्दीनंतर.

३० सप्टेंबर

१२२. संपली.

मोजदाद: सातही कोरे २८, सहा-एक ३३, चार-तीन ३९, राखाडी लोकर १६, घोंगडं ४, जाळी २. राखाडीची एक बाही पुरली असती, दुसरी उगाच काढली. हाफ स्वेटर मात्र नवरा घालतोय सकाळी फिरायला जाताना.

५ ऑक्टोबर

धुतली. गार पाणी, केसांचा शाम्पू दोन थेंब, पिळली नाही. काळ्यातून अजून पण माती निघाली, मेंढ्या कुठं कुठं फिरल्या असतील. चटईवर पसरून कडा टाचण्यांनी धरल्या. दोन दिवस पंख्याखाली. लांबी १६८ सेंमी, वजन २३६ ग्रॅम. निळ्याचा डाग कुठं लागला नाही, चार वेळा गरम पाण्यातून काढल्याचं सार्थक.

९ ऑक्टोबर

मानेचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांचं एक नऊवारी सुती पातळ आहे, धुवून धुवून मलमलीसारखं झालेलं, फाटलंय म्हणून गोधडीला ठेवलेलं. त्याचा २६ बाय १४ सेंमीचा तुकडा काढून मधल्या ओळींच्या आतल्या बाजूला हेम घालून लावला. थोडा सैल ठेवला, क्रोशाचं काम ताणतं आणि कापड ताणत नाही, घट्ट लावला असता तर तिथंच चुण्या आल्या असत्या. दर्शनी बाजूनं काळे पट्टे तसेच, आत मऊ. रंग मोरपंखी आहे पातळाचा, कधीतरी कड उलटली की दिसतो.

आता टोचत नाही. वास थोडा आहे अजून.

१४ ऑक्टोबर

काकूंना दाखवली. हातात घेऊन सगळी चाचपली, काळ्यावर बोट फिरवून "हे घोंगडं नव्हं?" म्हणाल्या, मग उजेडात धरली आणि ऑगस्टच्या शेवटाला अडकल्या.

"आणि ही भोकं गं कसली? चुकलीस की काय."

म्हटलं, "काकू, ही तुमची तुळस."